आर्थरच्या तलवारी किती?

(दृश्य : धुक्यातलं तळं. पाणी फाटतं, एक हात वर येतो. हातात तलवार.)

ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर. त्याची तलवार कुठून आली? कुणी म्हणेल, दगडातून उपसली. कुणी म्हणेल, तळ्यातल्या देवतेनं दिली. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण मूळ कथेत त्या दोन निरनिराळ्या तलवारी आहेत.

सर थॉमस मॅलरी यांनी 15व्या शतकात विखुरलेल्या आर्थरकथा इंग्रजी गद्यात एकत्र आणल्या. विल्यम कॅक्स्टन यांनी 1485 मध्ये त्या छापल्या. त्यात पहिली तलवार लंडनमधल्या सगळ्यांत मोठ्या चर्चच्या आवारात आहे. चौकोनी दगड, त्याच्या मधोमध फूटभर उंचीची पोलादी ऐरण, आणि त्या ऐरणीत रुतलेलं पातं. आर्थर ते उपसतो आणि राजा ठरतो. पुढे पेलिनोर राजाशी लढताना ही तलवार मोडते. मग त्याचा जादूगार सल्लागार मर्लिन त्याला तळ्याकाठी नेतो आणि तिथे दुसरी तलवार मिळते. एक्सकॅलिबर ती ही. मॅलरींच्याच पुस्तकात एके ठिकाणी, तळ्याचा प्रसंग यायच्या आधी, पहिल्या तलवारीलाही एक्सकॅलिबर म्हटलं आहे. म्हणजे गोंधळ सिनेमावाल्यांनी सुरू केलेला नाही.

(दृश्य : जुन्या हस्तलिखिताची पानं एकामागून एक उलटतात.)

हा गोंधळ का होतो? कारण ही कथा गोधडीसारखी शिवलेली आहे. 1136 च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीनं लॅटिनमध्ये आर्थरचं चरित्र लिहिलं. त्यात तलवार आहे, तिचं नाव कॅलिबर्न, ती ॲव्हलॉन बेटावर घडवलेली. दगड मात्र नाही. आर्थरचे सरदार जिच्याभोवती बसतात ती गोलमेज आली 1155 मध्ये, वास नावाच्या कवीच्या काव्यातून. आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनेव्हिअर यांचं प्रेम क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीनं आणलं. सरदार ज्याच्या शोधात निघतात ते पवित्र पात्र, म्हणजे ग्रेल, तेही त्याचंच. तलवारीखालचा दगड त्याच्याही नंतरचा, रोबेर द बोराँचा. प्रत्येक तुकडा वेगळ्या लुगड्याचा. पटकथा लिहिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो कोणता टाका उसवायचा आणि कोणता ठेवायचा, हा.

बहुतेकांनी एकच तुकडा उचलला. डिस्नेचा 1963 चा चित्रपट आर्थरच्या बालपणावर आहे. तलवार उपसली की तो आवरतो. 1967 च्या 'कॅमेलॉट'नं प्रेमाचा त्रिकोण घेतला. 1995 च्या 'फर्स्ट नाइट'मध्ये मर्लिनच नाही, जादूही नाही. 2004 च्या 'किंग आर्थर'नं त्याला रोमन सैन्यातला अधिकारी केलं.

अख्खी गोधडी अंगावर घेतली ती दिग्दर्शक जॉन बूरमन यांनी, 1981 च्या 'एक्सकॅलिबर'मध्ये. आर्थरच्या जन्माआधीपासून त्याच्या मृत्यूपर्यंतचा सगळा पट, साधारण 140 मिनिटांत. हे कसं जमलं, ते सगळं तलवारीपाशी येऊन थांबतं.

(दृश्य : रात्रीचं जंगल. मशाली, धूर, घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ.)

बूरमन आणि त्यांचे सहलेखक रॉस्पो पॅलनबर्ग यांनी दोन तलवारींची एक केली. मग त्या एका तलवारीच्या प्रवासावर सगळे प्रसंग ओवले.

क्रम असा. मर्लिन तळ्यातून तलवार मिळवतो आणि आर्थरचा बाप युथर याला देतो. मॅलरींच्या युथरकडे ती कधीच नव्हती. युथर वासनेपायी तह मोडतो, घातपातात सापडतो आणि मरता मरता ती दगडात खुपसतो. आता दगडात तलवार का आहे, याला कारण मिळालं. मॅलरींकडे ती एके दिवशी चर्चच्या आवारात दिसते, बस्स. आर्थर तीच तलवार उपसतो.

पुढचा बदल सगळ्यांत मोलाचा आहे. मॅलरींकडे तलवार मोडते तेव्हा आर्थरचा काही दोष नसतो. लढाईत पातं तुटतं, इतकंच. चित्रपटात ती धबधब्यापाशी, लान्सलॉटशी झालेल्या द्वंद्वात मोडते. लान्सलॉट सरस ठरतोय हे आर्थरला सहन होत नाही. स्वतःच्या अहंकारासाठी तो तलवारीची शक्ती जागी करतो आणि तिचे दोन तुकडे होतात. तो चूक कबूल करतो, तेव्हा तळ्यातली देवता सांधलेली तलवार परत करते. पेलिनोर गेला, लान्सलॉटचा प्रवेश त्याच जागी बसला, आणि राजाचा स्वभावही त्याच प्रसंगात कळला. तीन कामं एका द्वंद्वात. रूपांतर कसं करावं, हे शिकायला याहून नेमका प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

नंतर जंगलात लान्सलॉट आणि ग्विनेव्हिअर झोपलेले आर्थरला सापडतात. तो दोघांच्या मधे तलवार रोवतो आणि निघून जातो. हा टाका आर्थरकथेतला नाहीच, तो ट्रिस्टन आणि इझोल्ड यांच्या प्रेमकथेतून आणलेला आहे. तिथे इझोल्डचा नवरा राजा मार्क झोपलेल्या प्रेमिकांपाशी आपली तलवार ठेवून जातो. चित्रपटात वाग्नर यांच्या 'ट्रिस्टन आणि इझोल्ड' या ऑपेराचं संगीत वापरलं आहे, म्हणजे उसनवारी लपवलेली नाही. तलवार गेली की राजा खंगतो, आणि राजा खंगला की पिकं करपतात. ग्रेलच्या कथांत जखमी राजा वेगळा असतो, आर्थर वेगळा. बूरमन यांनी दोघांना एक केलं. राजा आणि भूमी एकच, हे सूत्र चित्रपटाच्या मधोमध आहे.

पात्रंही अशीच एकमेकांत मिसळली. मॅलरींकडे आर्थरचा मुलगा मॉर्ड्रेड, त्याची आई मॉर्गॉझ. मॉर्गन ही तिची बहीण. आणि मर्लिनला कोंडणारी तिसरीच, निम्यू. चित्रपटात हेलन मिरेन यांची मॉर्गाना ही तिन्ही कामं करते. ग्रेल मिळवणारा गॅलहॅड पूर्ण गाळला आहे, त्याचं श्रेय पर्सिव्हल या दुसऱ्या सरदाराला दिलं आहे.

(दृश्य : शेवाळलेल्या खोडांवर हिरवा उजेड. चिलखताच्या छातीवर तोच हिरवा रंग.)

आता डोळ्यांना दिसतं त्याकडे येऊ. चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालं. विकलोचे डोंगर आणि जंगलं, टिपररी परगण्यातला शुअर नदीवरचा कॅहर किल्ला. छायालेखक ॲलेक्स थॉमसन यांनी दिव्यांवर हिरवे जिलेटिन पेपर लावून तो उजेड शेवाळावर, पानांवर आणि थेट चिलखतांवर टाकला. तलवार निघते तेव्हा पात्यावर दिसणारी हिरवी झळाळी संगणकाची नाही, ती समोरच्या दिव्याची आहे. या कामासाठी थॉमसन यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

चकचकीत चिलखत ही कॅमेऱ्यापुढची मोठी अडचण असते. फुगीर, घासलेला पत्रा म्हणजे बहिर्गोल आरसा. त्यात दिवा दिसतो, कॅमेरा दिसतो, मागे उभा असलेला माणूसही दिसतो. एरवी असा पत्रा मेण किंवा मंद करणारा स्प्रे मारून निस्तेज करतात. इथे चमक राखली आणि पत्र्यात काय दिसावं तेच ठरवलं : हिरवं रान, आग, मावळतीचा लाल रंग. म्हणून हे सरदार माणसांपेक्षा धातूचे जीव वाटतात.

चिलखतं टेरी इंग्लिश यांनी घडवली, ती ॲल्युमिनियमची. पोलादाची घनता एका घनसेंटीमीटरला साधारण 7.8 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7. म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश. लढाईचं खरं पूर्ण चिलखत 20 ते 25 किलोंचं असायचं, आणि ते घालून दिवसभर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करणं नटाला झेपत नाही. तोटेही आहेत. ॲल्युमिनियम मऊ असतं, एका घावात पोचे पडतात. त्याचा नादही पोलादासारखा खणखणीत नसतो, म्हणून अशा चिलखतांवरच्या घावांचे आवाज मागाहून भरावे लागतात.

इतिहासाच्या हिशोबात ही चिलखतं चुकीची आहेत. आर्थर खरोखर होऊन गेला असेल तर 500 च्या आसपास. हे पूर्ण पत्र्याचे पोशाख 15व्या शतकातले. मधे 900 वर्षं. पण 15वं शतक हा मॅलरींचा काळ, आणि त्यांच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे असेच सरदार उभे राहत असणार. बूरमन पुस्तकाशी प्रामाणिक राहिले, हे मला योग्य वाटतं. शिवाय चिलखतावरून काळ कळतो. युथरच्या दिवसांतलं काळपट, ओबडधोबड लोखंड. गोलमेजेच्या वैभवात चांदीसारखी झळाळी. ग्रेलच्या शोधात गंज आणि चिखल. आणि शेवटी मॉर्ड्रेडचं सोन्याचं चिलखत, चेहऱ्यावर सोनेरी मुखवटा. वर्षं किती गेली हे सांगायला पाटी लागत नाही.

याच कथेवर दुसऱ्या टोकाचं काम 1975 चं, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं. 1974 मध्ये स्कॉटलंडला चित्रीकरण, पैसे जेमतेम. कड्यांची चिलखतं म्हणजे लोकरीचं विणकाम, वर चांदीचा रंग. लोकर पावसात पाणी पिते, जड होते आणि वाळत नाही. नट दिवसभर गारठत. घोडे परवडले नाहीत, म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवत राजा चालत निघाला. ऐनवेळी बऱ्याच किल्ल्यांची परवानगी नाकारली गेली, तेव्हा एकट्या डून किल्ल्याचे कोपरे बदलून अनेक किल्ले उभे केले. हास्यपटात हे शोभून दिसतं. गंभीर चित्रपटात एक भिंत दोनदा ओळखू आली तरी प्रेक्षक कथेतून बाहेर पडतो.

(दृश्य : ओसाड माळ. झाडाला टांगलेली चिलखतं, कावळे.)

'एक्सकॅलिबर' जिथे डळमळतो ती जागा ग्रेलच्या शोधाची. वर्षानुवर्षांची भटकंती काही मिनिटांत आटपते, आणि आधी ओळख न झालेले सरदार मरतात तेव्हा हळहळ वाटत नाही. आर्थरचं काम करणारे नायजेल टेरी तेव्हा पस्तिशीचे होते. पोरसवदा आर्थर आणि म्हातारा राजा, दोन्ही तेच. आर्थर पोरसवदा असेपर्यंत हे खटकतं. त्याची भरपाई करतो निकोल विल्यमसन यांचा मर्लिन, डोक्याला बसलेली धातूची टोपी आणि एका वाक्यात तीनदा बदलणारा आवाज.

छोटा तुकडा घेऊन खोल जाता येतं, हे 2021 मध्ये डेव्हिड लोअरी यांच्या 'द ग्रीन नाइट'नं दाखवलं. मूळ काव्य 14व्या शतकाच्या अखेरचं, 2530 ओळींचं, आणि त्याचं एकच हस्तलिखित उरलं आहे. देव पटेल त्यात आर्थरचा भाचा गवेन झाले. काव्यातला गवेन मुळात सज्जन सरदार असतो. चित्रपटात तो अजून सरदारही झालेला नाही, म्हणून त्याच्या घाबरण्याला वजन येतं. याही चित्रपटात किल्ला दिसतो तो कॅहरचाच, 40 वर्षांनंतर.

(दृश्य : रिकामं म्यान, पाण्यात बुडताना.)

एक वस्तू मात्र 'एक्सकॅलिबर'मध्येही गळली. मॅलरींचा मर्लिन आर्थरला विचारतो, तलवार आवडते की म्यान? आर्थर म्हणतो, तलवार. मर्लिन सांगतो, हे म्यान अशा दहा तलवारींच्या तोलाचं आहे. ते अंगावर असेपर्यंत कितीही जखमा होवोत, रक्त वाहणार नाही. पुढे मॉर्गन तेच म्यान चोरते आणि पाण्यात फेकते. आर्थर मरू शकतो, त्याचं कारण तिथे पेरलेलं आहे.

त्या कारणाशिवाय चित्रपटाला शेवट गाठायचा होता, म्हणून भाल्याची बाजू उलटली. मॅलरींकडे आर्थर भाला मारतो, आणि मॉर्ड्रेड त्याच भाल्यावरून स्वतःला पुढे रेटत बापावर वार करतो. चित्रपटात भाला मॉर्ड्रेडचा, आणि तो आपल्या देहातून ओढून घेत पुढे सरकतो तो आर्थर, मुलापर्यंत तलवार पोचावी म्हणून.

(दृश्य : लाल सूर्य. तळ्याकाठी पर्सिव्हल.)

आता तलवार परत द्यायची. मॅलरींचा सरदार बेडिव्हिअर दोनदा ती लपवून येतो, तिसऱ्यांदा फेकतो. चित्रपटात हे काम पर्सिव्हलचं आहे; तो एकदाच कचरतो, दुसऱ्यांदा फेकतो. तलवार हवेत गरगरते. पाण्यातून हात वर येतो, मूठ पकडतो आणि पातं ताठ धरून खाली जातो.