नागजच्या माळावरचा बेदाणा

(सुरुवातीला ड्रोनचं दृश्य. निवेदन नाही, फक्त वाऱ्याचा आवाज.)

मिरजेहून पंढरपूरला जाताना कवठेमहांकाळ मागं पडलं, की नागजच्या आसपास माळावर ही हिरवी कापडं दिसायला लागतात. परक्या माणसाला वाटतं, रोपवाटिका असेल. गाडी थांबवून खाली उतरलं की वास येतो, गोड आणि किंचित आंबूस. मग कळतं, ही बेदाण्याची शेड आहेत.

द्राक्षबागा बऱ्याचशा तिकडं, तासगाव, मणेराजुरी, सावळज पट्ट्यात. फेब्रुवारी उजाडला की तिथून क्रेटनं भरलेले टेम्पो या माळावर यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत येत राहतात. कारण साधं आहे. इथं झाड कमी, वारा भरपूर आणि हवा कोरडी. ज्या कोरडेपणानं या भागाला वर्षानुवर्षं टँकरच्या मागं पळवलं, तोच इथं कामाला येतो. पुढं जुनोनीला गेलात तर जिल्हा बदलून सोलापूर लागतो, पण शेड तीच. वाऱ्याला जिल्हा कळत नाही, आणि बागायतदारालाही नाही.

(क्लोजअप: काचेवर पडणारा रसाचा थेंब.)

हा एक थेंब बघा. मणी दाबून त्याचा रस ब्रिक्स मीटरच्या, म्हणजे रसातली गोडी मोजायच्या यंत्राच्या, काचेवर टाकायचा आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा. आत आकडा दिसतो. तो 22 च्या वर असला, तरच माल बेदाण्याला उतरवायचा. खायच्या द्राक्षापेक्षा हे द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवावं लागतं. घाई करून उतरवलं, तर बेदाणा चपटा होतो, हलका होतो आणि वजनातच मार बसतो. बागेत थॉमसन असेल, सोनाका असेल, माणिक चमन असेल, नाहीतर इथल्याच मातीत निवडलेली तास-ए-गणेश. जात कुठलीही असो, थेंबाची परीक्षा सगळ्यांना सारखीच.

आता हा टप. आतलं पाणी साधं नाही. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आहे आणि डिपिंग ऑइल. शेडवर कुणी एवढी लांब नावं घेत नाही. ‘कार्बोनेट टाकलं का? ऑइल टाकलं का?’ एवढंच. लिटरला साधारण 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिली ऑइल. भरलेला क्रेट या पाण्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचा.

या दोन-चार मिनिटांत सगळा खेळ होतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. घड हातात घेतला की बोटाला पांढरट लव लागते ना, तोच. निसर्गानं तो आतलं पाणी राखायला दिलेला आहे. टपातलं पाणी तो थर सैल करतं, सालीला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. न बुडवता द्राक्ष तसंच पसरलं, तर वाळायला कितीतरी जास्त दिवस लागतील आणि तोवर रंगही जाईल. इथं पंधरा ते वीस दिवसांत काम होतं.

क्रेट बुडवणारा माणूस घड्याळ बघत नाही, हे दृश्यात दिसेलच. तो मणी बघतो. लव गेली, मणी चकचकीत झाला, की क्रेट वर. मग निथळायला तिरका ठेवायचा. हे कुठल्या कोर्समध्ये शिकलेलं नाही. सांगलीच्या बेदाण्याची ओळख सांगताना माती सांगतात, हवा सांगतात, पण या हाताचं नाव कुणी घेत नाही.

(शेडच्या आत. कॅमेरा खालून वर.)

लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर तारा, तारांवर जाळ्या. एकावर एक दहा-बारा मजले. घड वरच्या जाळीपासून पसरत खाली यायचं आणि एकच थर द्यायचा. घडावर घड पडला, तर आतला मणी ओला राहतो आणि बुरशी धरतो. वर चढलेल्या ताईंचे हात बघा. घड उचलतात, झटकतात आणि ठेवतानाच मोकळा करून ठेवतात. नंतर पुन्हा त्याला हात लावायची गरज पडत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत याच कार्बोनेट-ऑइलची हलकी फवारणी होते, मग सगळं वाऱ्यावर सोडायचं.

माल सावलीत का वाळवतात? उन्हात वाळलेला बेदाणा तपकिरी होतो, सावलीतला हिरवट-पिवळा राहतो, आणि बाजार पैसे मोजतो ते त्या रंगाचे. वरचं शेडनेट त्यासाठीच आहे.

हिशेब असा, की चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. वीस किलोचा क्रेट आत जातो, बाहेर येतो पाच किलो. बाकीचं सगळं पाणी या माळाच्या वाऱ्यानं नेलेलं असतं.

(जाळी झाडण्याचं दृश्य. त्यानंतर मशीन. अर्धा मिनिट निवेदन नाही.)

काडी वेगळी झाली, पाला-कचरा पंख्यानं उडाला. रंग टिकावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. तिथं काम करणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, आणि तोंडाला बांधायला असते ती ओढणी नाहीतर रुमाल.

मग माल या मावश्यांपुढं येतो. काळा मणी बाजूला, लालसर बाजूला, देठ राहिलेला बाजूला. गप्पा चालू असतात, लेकीच्या लग्नाच्या, बचत गटाच्या हप्त्याच्या, आणि बोटं मात्र चुकत नाहीत. मशीनच्या तावडीतून सुटलेला खराब मणी इथं सुटत नाही. हजेरीचे दर हंगामाप्रमाणं वर-खाली होतात.

अवकाळी पाऊस आला, तर भरलेलं शेड एका रात्रीत काळं पडतं आणि घेतलेलं कर्ज तसंच राहतं.

(तासगाव. बाजार समितीचं आवार.)

पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो आणि तिथून तासगाव-सांगलीच्या सौद्यांत येतो. या सौद्यांत एक जुनी खोड होती, बोली लागताना बॉक्समधला बेदाणा मुठीनं उधळायची. खाली पडायचा तो शेतकऱ्याचा माल. ज्यानं एकेक मणी निवडून घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत. शेतकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा उधळणीला बंदी आली.

सौदा झाला की बॉक्स अडत्याकडून व्यापाऱ्याकडं जातो आणि तिथून देशभर. दिल्लीच्या दुकानात तो पाकिटात बसतो, तेव्हा पाकिटावर नाव दुसऱ्याचंच असतं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा माल याच भागातला, असं सांगणारा सरकारी शिक्का. पण हा शिक्का स्वतःच्या मालावर लावायचा, तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. कागद आहेत, फी आहे, हेलपाटे आहेत. ज्यांनी ती केली, त्यांना निदान सांगता येतं की माल आमचा आहे.

(घराची ओसरी. वजनकाटा, सीलिंग मशीन, स्टिकरचं बंडल.)

म्हणून ही ओसरी आम्ही जास्त वेळ दाखवतोय. अर्धा किलोचं पाकीट. सासूबाई वजन करतात, सूनबाई सील मारतात, शाळेतून आलेला पोरगा स्टिकर चिकटवतो आणि दहातला एक तिरका चिकटवतो. स्टिकरवर गावाचं नाव, अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक, पॅकिंगची तारीख. सगळा माल असा विकता येत नाही, मोठा भाग आजही सौद्यालाच जातो. पण जेवढा या ओसरीतून जातो, तेवढ्याचा भाव घरात ठरतो. पुण्या-मुंबईची नातेवाईक मंडळी, सोसायटीचे व्हॉट्सअॅप ग्रुप, जिल्ह्याच्या ठिकाणची बचत गटांची प्रदर्शनं, अशी गिऱ्हाइकं एकेक करून जोडलेली आहेत.

(रस्त्याकडेचा स्टॉल. गाड्यांचा आवाज तसाच ठेवायचा.)

आणि हा पंढरपूर रस्त्यावरचा स्टॉल. गाडी थांबते, काच खाली होते, आधी हात बाहेर येतो चव बघायला. ‘गोड आहे का?’ विचारणारा तोंडात चार मणी टाकून मगच भाव विचारतो. दादा पाकीट पुढं करतात आणि सांगतात, एक घेतलं तर हा भाव, दोन घेतली तर थोडं कमी करू. गिऱ्हाईक तीन घेऊन चौथ्यासाठी घासाघीस करतं.