मांड म्हणजे पकड नव्हे

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

घोड्यावरच्या बैठकीला आपण मराठीत 'मांड' म्हणतो. मांड पक्की आहे, मांड सुटली, घोड्यावर मांड ठोकली. शब्द देखणा आहे, पण त्यानेच नवशिक्याचा घोटाळा होतो. 'मांड पक्की ठेव' असे ऐकले की तो दोन्ही मांड्यांनी घोडा आवळतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो, आणि आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलणार आहे.

मागे तालमीतला एक पोरगा आला होता. रोजच्या जोर-बैठकांनी मांड्या अशा कसलेल्या की कुणालाही हेवा वाटावा. घोडा कदम, म्हणजे साध्या संथ चालीने, चालत होता तोवर ठीक होते. दुडकी, म्हणजे उसळती जलद चाल, सुरू झाली आणि त्याने गुडघे आवळले. ओला साबण मुठीत दाबला की तो वरच निसटतो ना? तसे बूड खोगिरावरून वर उचलले गेले. शिवाय घोड्याला शिकवलेलेच असते, की पायाचा दाब आला म्हणजे पुढे चल. तो वेग वाढवतो, स्वार घाबरून आणखी आवळतो, की घोडा आणखी सुटतो. घोड्याचा यात काही दोष नाही. त्याला जे सांगितले जातेय तेच तो करतोय.

मी त्याला खाली उतरवले आणि विचारले, "कुस्तीत समोरच्यानं पाय धरून पट काढायला हात घातला तर काय करतोस?"

"कंबर खाली सोडतो, वस्ताद. ताठ राहिलो तर गेलोच की."

"मग इथंपण तेच कर."

आता जरा एक करून बघा. तुम्ही सगळे खुर्चीवर आहात. दोन्ही हातांचे तळवे वर करून बुडाखाली सरकवा. दोन टणक हाडे लागतात, ती बैठकीची हाडे. कंबरेला पोक काढा, हाडे पुढे कलतात आणि तुम्ही माकडहाडाकडे ढकलले जाता. उलट छाती फार पुढे काढली की कंबरेत खळगा पडतो आणि पाठ आखडते. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे, जिथे हाडे सरळ खाली टोचतात. ती सापडली का? घोड्यावर बसायची जागा तीच.

बाजूने पाहिले तर स्वाराचा कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत हवी. आपण दिवसभर खुर्चीत नाहीतर मोटारसायकलवर बसतो, त्यामुळे खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले असतात. पाय आपसूक पुढे जातो, आणि माणूस घोड्यावरही खुर्चीतल्यासारखा बसतो. ही खोड फार जुनी आहे. ग्रीक सेनानी झेनोफोनने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलेय, की स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे असावे. त्या काळी ग्रीकांकडे रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी, नव्हत्या. तोल हाच त्यांचा आधार होता.

रिकिबीच्या लांबीचा अंदाज सोपा आहे. हाताची बोटे रिकिबीच्या पट्ट्याच्या बकलाला लावा, रिकीब काखेपर्यंत यायला हवी. टाच खाली रेटू नका. रेटली की घोटा ताठरतो आणि पाय पुढे पळतो. मांडी सैल पडली, तर वजन पोटरीतून उतरून टाच आपोआप खाली जाते. नजर समोर. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते. ते लगामाकडे झुकले की खांदे त्याच्यामागे जातात.

वाकड्या बसण्याची शिक्षा मात्र घोडा भोगतो. मुळात उभ्या घोड्याचे साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असते. त्यात स्वार पुढे किंवा एका अंगाला कलला, की ते ओझे त्याला दिवसभर सावरावे लागते. माझ्या शिकण्याच्या दिवसांत मी उजवीकडे कलून बसायचो. मला ते कळतही नव्हते. एका संध्याकाळी खोगीर काढले, तर घोडीच्या पाठीवर उजवीकडचे केस घासून उलटे झालेले आणि खाली कातडी लालसर. मी बोट लावले तशी ती अंग चोरून बाजूला सरली. ते मला अजून आठवते. म्हणून सांगतो, खोगीर उतरवल्यावर दोन्ही बाजूंना हात फिरवल्याशिवाय पागेबाहेर पडू नका.

तोल कमवायचा तर लांब दोरीवर गोल फिरवलेल्या शांत घोड्यासारखा दुसरा गुरू नाही. वर्तुळ 20 मीटर व्यासाचे. दोरी शिकवणाऱ्याच्या हातात, स्वाराला लगाम नाही, रिकीब नाही. सुरुवातीला फक्त कदम चाल, पंधरा-वीस मिनिटे. घोड्याचा मागचा डावा पाय उचलून पुढे येतो तेव्हा त्याचे पोट उजवीकडे झुलते आणि तुमच्या डाव्या बुडाखालची पाठ खाली जाते. मग उजवी. ती झोके देत असते, आपण फक्त अडवायचे नाही. श्वासही रोखायचा नाही. श्वास रोखला की सगळे अंग ताठते, आणि घोड्याला ते लगेच कळते.

त्या पैलवान पोराला महिनाभर मी हेच करायला लावले. दुडकी बंद. तो कंटाळला, पण आला रोज. एक दिवस डोळे मिटायला सांगितले आणि म्हटले, मागचा कुठला पाय उचलला ते न बघता बोल. पहिल्या फेरीत चुकत होता. तिसऱ्या फेरीला त्याचे खांदे खाली आले, गुडघे सुटले, आणि तो हळू आवाजात म्हणू लागला, "डावा... उजवा... डावा..." बरोबर येत होते. घोड्याने मान खाली सोडली आणि नाकातून लांब फुरफुरला.