रक्त थांबायला एक लिपिड उलटावं लागतं!

नमस्कार मंडळी! बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं आणि त्याचं श्रेय आपण प्लेटलेट्सना देतो, बरोबरच आहे, पण त्या प्लेटलेटच्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, तेव्हा काय घडतं ते फारसं कोणी सांगत नाही आणि मला तर तोच भाग सगळ्यात भारी वाटतो.

मेम्ब्रेन म्हणजे लिपिडचे, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे, दोन थर, आतला आणि बाहेरचा, पण दोन्ही सारखे नसतात बरं का. फॉस्फॅटिडिलसेरीन, थोडक्यात पीएस, हे लिपिड जवळपास सगळं आतल्या थरात असतं. लिपिडला एक डोकं आणि तेलकट शेपट्या असतात, पीएसच्या डोक्यावर चार्ज असतो, त्याला पाणी हवं, आणि मेम्ब्रेनचा मधला भाग एकदम तेलकट, त्यामुळे आपलं आपण पलटी मारून पलीकडे जायचं तर तासन्‌तास लागतात, कधी दिवससुद्धा.

म्हणून प्रोटीन्स लागतात. फ्लिपेस एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून बाहेर गेलेलं पीएस परत आत ओढतं. लाल रक्तपेशींमध्ये हे १९८४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. फ्लॉपेस आतून बाहेर नेतात, लिव्हरमध्ये पित्तात लिपिड सोडणारं एबीसीबी४ त्यातलंच.

आणि तिसरं स्क्रॅम्ब्लेस! याला एटीपी लागतच नाही, प्लेटलेटमध्ये कॅल्शियम वाढलं की टीएमईएम१६एफ नावाचं प्रोटीन चालू होतं आणि लिपिड दोन्ही दिशांना धडाधड जायला लागतात. कसं? दुकानात मशीनच्या खाचेतून कार्ड स्वाइप करतात ना, तसं लिपिडचं डोकं प्रोटीनच्या खाचेतून सरकतं आणि शेपट्या बाहेर तेलातच राहतात. झ्युरिकच्या टीमने २०१४ मध्ये बुरशीतल्या अशाच एका प्रोटीनची रचना काढली, त्यात ही खाच चक्क दिसते.

पीएस बाहेर आलं की क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रोटीन्स, त्यावर येऊन बसतात आणि गुठळी बनवणारं एन्झाइम थ्रॉम्बिन भराभर तयार होतं. स्कॉट सिंड्रोम या अगदी दुर्मिळ आजारात प्लेटलेट्सचा काउंट नॉर्मल असतो, म्हणजे साध्या रिपोर्टमध्ये काहीच सापडणार नाही, तरी रक्तस्राव थांबत नाही, कारण पीएस बाहेरच येत नाही. त्यामागे याच टीएमईएम१६एफच्या जीनमधला बिघाड आहे हे जपानमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये शोधलं.

मरणाऱ्या पेशीतही पीएस बाहेर येतं, मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, तेच ओळखून ती पेशी गिळतात. पण तिथे स्क्रॅम्ब्लेस वेगळं, एक्सकेआर८, त्याला कॅस्पेस एन्झाइम कापून चालू करतात आणि तेच कॅस्पेस फ्लिपेसलाही कापून बंद पाडतात, म्हणजे बाहेर आलेलं पीएस परत आत ओढायला कोणी उरतच नाही.