पाण्याखालचे आठ सेकंद

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईकराला लाट काही नवी नसते. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उसळणारे पाणी आपण लहानपणापासून अंगावर घेत आलो आहोत. पण कठड्यामागे उभे राहून लाट पाहणे वेगळे आणि सर्फिंगच्या फळीवर पालथे पडून, ती पाठीमागून चढत येत असताना, तिच्या पुढ्यात हात मारत राहणे वेगळे. मोठ्या लाटेने एकदा आपटल्यावर गेलेला धीर परत कसा येतो, याविषयी मी आज बोलणार आहे.

कर्नाटकातल्या मुल्कीला मी सर्फिंग शिकले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आलेला असताना, डोक्याएवढ्या उंचीच्या एका लाटेवर मी निघाले आणि अगदी अखेरच्या क्षणी कच खाल्ली. लाटेच्या माथ्याने मला फळीसकट उचलले आणि खाली फेकले. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. घोट्याला बांधलेली दोरी पाय ओढत होती, नाकातोंडात पाणी गेले होते आणि दातांखाली वाळू करकरत होती. आपण निदान मिनिटभर पाण्याखाली होतो, अशी माझी खात्रीच झाली. मी असा धसका घेतला, की पुढे कित्येक महिने गुडघाभर फेसापलीकडे गेले नाही. सोबतच्यांना मात्र खांदा दुखतो असे सांगत राहिले.

किनाऱ्यावरून एका मैत्रिणीने मोबाइलवर केलेले चित्रीकरण पुढे कधीतरी माहीमच्या घरी बसून मी पाहिले. डोके पाण्याखाली गेल्यापासून वर येईपर्यंतचा वेळ मोजला, तर तो आठ सेकंद भरला. दादरला लोकल थांबते, त्याहूनही कमी. भीतीने त्या आठ सेकंदांचे मिनिट केले होते आणि मी त्या मिनिटाला घाबरत होते. तिथून माझे परतणे सुरू झाले.

याचा अर्थ भीती खोटी होती असा नव्हे. लाटेची उंची दुप्पट झाली, की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणजे कमरेएवढ्या लाटेवर कमावलेला धीर डोक्याएवढ्या लाटेवर अपुरा पडणारच. म्हणूनच ‘मन घट्ट कर आणि जा’ हा सल्ला मला घातक वाटतो. ब्राझीलची माया गबेरा २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालच्या नाझारे येथे प्रचंड लाटेवरून पडून बुडता बुडता वाचली, तिच्या पायाचे हाडही मोडले. त्याच नाझारेला जानेवारी २०१८ मध्ये तिने ६८ फुटांच्या लाटेवर स्वार होऊन स्त्रियांमधला जागतिक विक्रम केला. या दोन लाटांमध्ये चार वर्षांहून अधिक काळ गेला होता. मग आपण स्वतःला एक हंगामसुद्धा का देऊ नये?

मी सुरुवात तलावापासून केली. पोहून दमल्यावर पाण्याखाली जायचे, अंग सैल सोडायचे आणि शांतपणे दहा अंक मोजायचे. हे एकट्याने मुळीच करू नये आणि त्याआधी जोरजोराने श्वासही घेऊ नयेत. पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. काठावर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. नंतर पडायला शिकले: सूर न मारता आडवे पडायचे, दोन्ही हातांनी डोके झाकायचे, लाटेशी झगडायचे नाही आणि तिचा जोर ओसरला की वर यायचे. पडणे ओळखीचे झाले, तशी छातीतली धडधड कमी होत गेली.

पाण्यात शिरण्यापूर्वी वीस मिनिटे नुसते बसून समुद्र पाहावा, हे मी आमच्या कोळीवाड्यातल्या एका काकांकडून शिकले. मोठ्या लाटा एकामागून एक रांगेने येतात आणि मग समुद्र उसंत घेतो. होडी काढायची ती त्या उसंतीत, असे ते सांगत. फळी घेऊन आत जातानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचे अंदाज रोज देते, तेही पाहावेत, पण नुसत्या उंचीवर भिस्त ठेवू नये. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचे अंतर असेल, तर ती लाट सहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या तेवढ्याच उंचीच्या लाटेपेक्षा कितीतरी जोरकस असते.

त्यानंतर मी कमरेएवढ्या लाटांकडे परतले आणि एकच नियम पाळला: लाट सोडायची असेल तर आधीच सोडायची, पण एकदा हात मारायला लागल्यावर कच खायची नाही. माझा मूळ अपघात अर्धवट मनामुळेच झाला होता. नजरही सुधारावी लागली. भ्यालेला माणूस खाली, फळीच्या टोकाकडे पाहतो आणि तिथेच तोंडघशी पडतो. पाहायचे ते बाजूला, लाट अजून फुटलेली नसते तिकडे.

मुंबईतल्या श्रोत्यांना एक कळकळीची विनंती आहे. जून ते सप्टेंबर आपल्या चौपाट्यांवर हा सराव करू नका, अक्सासारख्या किनाऱ्यावर तर नकोच. त्या दिवसांत मी तलावावर जाते.

गेल्या हंगामात मी छातीएवढ्या लाटांपर्यंत पोहोचले. डोक्याएवढ्या लाटा अजून जाऊ देते. त्या पाठीमागून वर चढू लागल्या, की फळीवर उठून बसते आणि त्या कुठे फुटतात ते नीट पाहून ठेवते.