लाकूड खाणारी वाळवी आणि बर्फात टिकणारं झुरळ

नमस्कार मंडळी! आज दोन नातेवाइकांबद्दल बोलायचंय, वाळवी आणि झुरळ. हो, नातेवाईकच. वाळवीला आपल्याकडे सर्रास पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीशी तिचं काही देणंघेणं नाही, 2007 साली ब्रिटिश संशोधकांनी डीएनए तपासून पक्कं दाखवून दिलं की वाळवी हे झुरळांच्याच कुळातलं पोर आहे.

जपानात हे दोघं एकाच देशात नांदतात. तिथलं यामातो झुरळ घराबाहेर झाडाच्या सालीखालीसुद्धा राहतं, आणि त्याची पिल्लं हिवाळ्यात वाढ थांबवून पडून राहतात, अंगातलं पाणी काही तास गोठलं तरी मरत नाहीत! हेच झुरळ 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या हाय लाइन पार्कात सापडलं, बहुधा शोभेच्या रोपांच्या मातीतून गेलं असावं. या झुरळाचं पिल्लू एकटं असलं तरी थंडी काढतं.

वाळवीला ते जमत नाही. कातडी पातळ, उघड्यावर आली की सुकून जाते, म्हणून तर चौकटीवर ती मातीची नळी बांधत वर चढते आणि थंडी वाढली की जमिनीत खोल सरकते. पण मला खरी कमाल वाटते ती तिच्या पोटाची. लाकडातलं सेल्युलोज पचवायला तिच्या आतड्यात सूक्ष्मजीव असतात, आणि कात टाकली की आतड्याच्या अस्तराबरोबर तेही बाहेर पडतात, मग ती उपाशीच मरणार ना, पोट भरलेलं असून? म्हणून ती सोबतिणीच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिते आणि जंतू परत मिळवते. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण वाळवी एकटी जगू शकत नाही त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आणि या दोघांच्या मधला एक प्राणीसुद्धा आहे बरं का. क्रिप्टोसर्कस नावाचं झुरळ, अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरात कुजक्या ओंडक्यात राहतं, लाकूडच खातं, तसलेच सूक्ष्मजीव पोटात बाळगतं आणि तिथला कडक हिवाळाही त्याच ओंडक्यात काढतं. त्यात आई आणि बाप दोघंही पिल्लांजवळ राहतात, एकदोन महिने नाही, वर्षानुवर्षं, कारण पिल्लांना ते जंतू आईबापांकडूनच मिळतात. वाळवीचं वारूळ उभं राहण्याआधी तिच्या पूर्वजांचा संसार साधारण असाच असणार, असं बऱ्याच कीटकशास्त्रज्ञांना वाटतं, आणि मलाही ते अगदी पटतं.