पुतळा आतून पोकळ? असायलाच हवा!

नमस्कार मंडळी. मातीकामाचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक कमेंट हमखास येते: "दादा, पुतळा आतून पोकळ असतो म्हणे. मग पैसे गेले कुठे?" मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि त्यानंतर तर हा प्रश्न थांबतच नाही. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा, नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. राग येणारच. मलाही आला. पण "पोकळ होता म्हणून पडला" हे जे सगळीकडे फिरतंय ना, त्याच्यामुळे जे प्रश्न खरंच विचारायला हवेत ते बाजूलाच राहतात. म्हणून आज एवढ्या एकाच गोष्टीवर बोलतो.

आधीचं पटकन सांगतो, बहुतेकांना माहीत आहे. दगड किंवा लाकूड असेल तर शिल्पकार नको ते काढत जातो. वेरूळचं कैलास लेणं असंच बेसाल्टच्या डोंगरातून वरून खाली कोरत आणलंय. माती किंवा मेण असेल तर भर घालत जातो. ब्राँझचा पुतळा या दुसऱ्या पद्धतीतून जन्मतो. लोखंडी सांगाडा, त्यावर माती, मातीवरून साचा, साच्यात मेण, आणि शेवटी मेणाच्या जागी धातू. शिल्पकाराची खरी कारागिरी मातीत होते, आणि साचा काढताना ती माती बहुतेक वेळा मोडूनच जाते.

आता मेणापाशी थांबा. सगळी मेख इथे आहे.

साच्यात मेण भरत नाहीत, साच्याला आतून मेणाचा थर देतात. साधारण पाच-सहा मिलिमीटरचा. मग आतल्या पोकळीत गाभा ओततात, प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा. बाहेरूनही तसंच जाड आवरण. मेण गेल्यावर गाभा हलू नये म्हणून आरपार धातूच्या पिना ठोकतात. हे सगळं भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि मेण होतं तेवढीच फट उरते. त्या फटीत ओतारी हजार अंशांच्या वर तापलेला रस ओततात. गार झाल्यावर आवरण फोडायचं, आतला गाभा खरवडून काढायचा.

लक्षात आलं? पोकळी आपोआप राहत नाही, ती मेहनतीने घडवावी लागते. भरीव ओतणं त्यापेक्षा सोपं. गाभा नको, पिना नकोत, थराची जाडी सांभाळायला नको. पोकळ पुतळ्यात ओतकाराचं काम वाढतं.

"मग भरीवच ओता की" असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, थंड होताना ब्राँझ आकसतं. पातळ भाग लवकर थिजतो, जाड भाग उशिरा. जाड भागात आत रस असतो तोवर वरची कातडी घट्ट झालेली असते, आणि आतला रस आकसला की तिथे पोकळ्या पडतात, पृष्ठभाग खचतो, तडे जातात. चेहऱ्यावर असा खड्डा पडला तर नाकडोळे गेले. सगळीकडे सारख्या जाडीचा थर असेल तर धातू सारखा थिजतो आणि मातीत काढलेली सुरकुतीसुद्धा उतरते.

हेच वजनाकडून बघा. सत्तर किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ७० लिटर. एक लिटर ब्राँझ म्हणजे पावणेनऊ किलोच्या आसपास. भरीव ओतला तर माणसाएवढा पुतळा ६०० किलोंच्या वर. आता कातडी मोजा. दोन चौरस मीटर, जाडी सहा मिलिमीटर, म्हणजे १२ लिटर, म्हणजे शंभरेक किलो. अंगरखा, पागोटं, तलवार धरून ते वाढेल, पण फरक बघा केवढा! तो वरचा पाचशे किलो धातू गावाने कशासाठी विकत घ्यायचा?

आणि अश्वारूढ पुतळ्यात तर पोकळीशिवाय गत्यंतरच नाही. माद्रिदला राजा चौथा फिलिप याचा १६४० चा पुतळा आहे, पिएत्रो ताक्काचा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, शेपटीचा आधार. पुढचा भाग पोकळ ठेव आणि मागचा जड कर, असा सल्ला गॅलिलिओने दिला होता असं सांगतात. सल्ला कुणाचाही असो, घोडा आजही उभा आहे.

"पण आपले पूर्वज भरीव ओतायचे!" हो, ओतायचे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा भरीव आहेत. चारही मिळून साठ किलोंच्या वर. बघताना अंगावर काटा येतो माझ्या. तो रथ जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आहे. लहान वस्तू भरीव ओतता येते, देव्हाऱ्यातली मूर्तीही ओततात. बारा फुटांचा घोडा नाही.

एकदा एका गावची समिती आमच्या कार्यशाळेत आली होती. त्यातल्या एका आजोबांनी घोड्याच्या पोटावर बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला आणि त्यांचा चेहराच पडला. "हे काय, पोकळ?" मी त्यांना कापलेल्या रनरचा, म्हणजे रस ज्या वाटेने साच्यात जातो तिथे थिजलेल्या धातूचा, जाड तुकडा आणि पत्र्याएवढ्या थराचा तुकडा, दोन्ही हातात दिले. जाड तुकड्यात मधोमध भोकं दिसत होती. त्यांनी ते नखाने चाचपले आणि विचारलं, "मग आत आधाराला काय घालणार?"

हाच प्रश्न! हाच विचारा. आत सांगाडा कसला आहे? साधं लोखंड ब्राँझला टेकलं आणि ओल मिळाली की लोखंड झपाट्याने गंजतं, समुद्राकाठी तर फारच. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं. तांब्याच्या पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजल्या, आणि १९८० च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरही जाड नाही, १८८६ पासून उभा आहे.

तेव्हा तुमच्या गावात पुतळा होणार असेल तर मेणाचं वजन विचारा. एक किलो मेणाला साधारण दहा किलो धातू धरतात, बिल त्याच्याशी ताडून बघा. थराची जाडी कुठे किती, ते मोजून दाखवायला सांगा. जोडांचं वेल्डिंग आतूनही आहे का? सांगाडा पायातून चौथऱ्यात किती खोल गेलाय? आत शिरलेलं पाणी निघून जायला तळाशी भोकं ठेवलीत का? आणि हे सगळं पुतळा चौथऱ्यावर चढायच्या आधी, ओतशाळेत जाऊन विचारा. एकदा वर चढवला की आतलं काहीच दिसत नाही.