सुतक नसलेली माणसं

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘वैद्यकीय इच्छापत्र’ असा लिहिला आहे, म्हणजे आपल्याला बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. त्याकडे मी येणार आहे. पण ३४ वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती आधी बोलू द्या.

आपल्याकडे माणूस गेला की घराला सुतक लागतं. दहा दिवस देवपूजा नाही, गोडधोड नाही, शेजारीण पिठलं-भाकरी आणून देते. त्यातला विटाळाचा भाग मला कधीच पटला नाही, त्यावरून आईशी मी भांडलेही. पण नर्सिंगला गेल्यावर सुतकाची दुसरी बाजू दिसली. दहा दिवस तुमच्याकडून कुणी काही मागत नाही. रडलात तरी चालतं, भिंतीकडे बघत बसलात तरी चालतं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवायचा, कावळ्याची वाट बघायची, गेलेल्याचं काय राहिलं असेल ते आठवायचं. दुःखाला बसायला पाट दिलाय आपल्या लोकांनी.

वॉर्डात तो पाट नाही. आमच्याकडे माणूस ‘जात’ नाही, ‘देवाघरी’ही जात नाही, ‘एक्स्पायर’ होतो. औषधाच्या बाटलीवर असतं ना, तसं. हा शब्द मी कित्येक वर्षं रजिस्टरात लिहिला आणि दर वेळी तो मला टोचला. मग कागदपत्रं, मामा ट्रॉली घेऊन येतात, मावशी कॉट पुसतात, नवी चादर. तासाभरात त्याच कॉटवर नवा पेशंट. आणि तो विचारतो, “सिस्टर, इथं आधी कोण होतं?” काय सांगायचं त्याला?

मी आबांबद्दल सांगते. नाव सांगत नाही, आमच्यासाठी ते आबाच होते. वय ८६, हृदय थकलेलं, पायांना सूज, तिसऱ्यांदा दाखल झालेले. रोज सकाळी मावशींकडे आरसा मागायचे आणि मिशा सारख्या करायचे. एका नाईटला तीनच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. “पोरी, या खेपेला मला मागं ओढू नका. माझं सगळं झालंय. लेकाला सांगवत नाही, तो रडतो.” मी म्हटलं, आबा, तुम्हीच बोला त्याच्याशी. सकाळी ड्यूटी पुढच्या सिस्टरकडे सोपवताना सांगितलं, राउंडला डॉक्टरांच्याही कानावर घातलं. डॉक्टरांनी मुलाकडे विषय काढला, तर तो मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हात जोडून म्हणाला, “सिस्टर, त्यांच्यासमोर मरणाचं बोलू नका. पैशाचा विचार करू नका, सगळं करा.” वाईट माणूस नव्हता हो. बापावर जीव होता त्याचा. बाप मुलाला जपत होता, मुलगा बापाला जपत होता, आणि दोघांचं ऐकून घेणारी मी मधे.

दोन रात्रींनी आबांचं हृदय थांबलं. लेखी काहीच नव्हतं आणि नातेवाईक ‘सगळं करा’ म्हणालेले. मी स्टुलावर चढले आणि छाती दाबायला लागले. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडते तेव्हा तो आवाज कानाआधी तळहाताला कळतो. पंचवीस मिनिटं आम्ही ते केलं. आबा परत आले नाहीत. मग मावशींनी त्यांचं तोंड पुसलं, हनुवटीला पट्टी बांधली आणि कुणी न सांगता मिशा सारख्या केल्या. पाच वाजायच्या आत त्या कॉटवर दम्याचा पेशंट आला होता.

दहावा संगम माहुलीला होता. मी आणि मावशींनी अर्धा दिवस सुट्टी मागितली. उत्तर आलं, “पेशंटशी नातं लावायचं नसतं.” आम्ही आपापसात ड्यूटी बदलून गेलो, आणि परत आल्यावर दोघींच्या हातात मेमो पडला. कुठल्या रुग्णालयात ते विचारू नका. त्या मेमोचं मला आजही वाईट वाटतं. कारण नातं लावायचं नसतं हे साफ खोटं आहे. नातं लागल्याशिवाय कुणी कुणाच्या मिशा सारख्या करत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग आठवा. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, ती अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ ला गेली. मधली ४१ वर्षं तिला कोणी भरवलं, कोणी कुशीवर वळवलं? परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की तिचा जीव असाच ताणून धरायचा का, आणि तिच्या वतीनं बोलायचं कोणी. न्यायालयानं सांगितलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. म्हणजे नातं रक्तावर ठरलं नाही, सेवेवर ठरलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे कळलं ते आमच्या मेमो लिहिणाऱ्यांना कळू नये?

आता तुमची परीक्षा घेते. घरात आजारी माणसाला सांभाळायला ब्युरोची मावशी येते किंवा येत होती, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता त्या मावशीचं आडनाव ज्यांना माहीत आहे त्यांनीच हात वर ठेवा. बघा! चहात साखर किती घेते ते माहीत असेल, आडनाव नाही. हसा, पण घरी जाऊन विचारा. तुमची आई गेली की त्या दिवसापर्यंतचा हिशेब होतो आणि दुसऱ्या दिवशी ब्युरो तिला दुसऱ्या घरी पाठवतो. दोन वर्षं तुमच्या आईला तिनं न्हाऊ घातलं. दहाव्याला तिला बोलावलंत? मागच्या रांगेतल्या काकू मान हलवताहेत, त्यांनी बोलावलं होतं. फार बरं केलंत काकू.

सचिवांनी दहा मिनिटं राहिल्याची खूण केली आहे. तेव्हा इच्छापत्र, भरभर.

अरुणाच्या त्याच निकालानं जीव ताणून धरणारे उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीनं. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला अर्थ दिला. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी त्या भानगडीत पडेना. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं झालं. आता सज्ञान, शुद्धीत असलेल्या कुणालाही लिहिता येतं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कुणाला विचारायचं त्यांची नावं लिहा, एकाहून जास्त चालतात. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. प्रत घरच्यांना द्या, फॅमिली डॉक्टरांना द्या, नगरपालिकेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही द्यायची असते. गोव्यात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनकांनी २०२४ मध्ये स्वतःचं नोंदवलं.

एक भीती काढून टाका. इंजेक्शन देऊन मारण्याशी याचा काही संबंध नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. आणि कागद बघून कुणी लगेच नळी काढत नाही. आधी रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला बाहेरचा डॉक्टर असतो. वेदना कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, यातलं काहीही थांबत नाही. पुण्यात वारज्याला आणि मुंबईत वांद्र्याला केवळ याच सेवेसाठी उभी राहिलेली केंद्रं आहेत. कुणाला गरज असेल तर नंतर भेटा, मी फोन लावून देते.

वेळ संपली. पण घाटावरचं एक सांगायचं राहिलं. पिंडाला कावळा शिवल्यावर आबांचा मुलगा आमच्यापाशी आला आणि म्हणाला, “सिस्टर, आबा शेवटी काही बोलले होते का?” मी म्हटलं, “नाही दादा. शांत गेले.” तळहाताला तो आवाज अजून आठवत होता. दुसरं काही तोंडातून निघेना.

इच्छापत्राचे नमुने छापून आणले आहेत. दाराशी निळ्या लुगड्यात बसल्या आहेत त्या आमच्या वॉर्डातल्या मावशी, आबांच्या मिशा सारख्या करणाऱ्या. प्रती त्यांच्याकडे आहेत. घेताना आधी त्यांचं पूर्ण नाव विचारा.